‘द पेनी ड्रॉप्ड’ म्हणजे नेमके काय पडले? अर्थ, उगम आणि मराठी पर्याय

अक्षरवेल (प्रश्न)

नमस्कार. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात घडणारी एक ब्रिटिश रहस्यकथा मी सध्या मराठीत आणत आहे. त्यातील एका वाक्यावर माझे काम अडले आहे. प्रसंग असा आहे. घरातील माळी बोलता बोलता सांगून जातो की, अभ्यासिकेतले घड्याळ पावणेदहालाच बंद पडलेले होते. ऐकणारी पुतणी ‘असं का?’ एवढेच म्हणते आणि विषय तिथेच संपतो. त्यानंतर दोन पाने भलत्याच गोष्टींची चर्चा चालते. मग बाहेर जाण्यासाठी हातमोजे चढवत ती जिना उतरत असताना मधल्याच पायरीवर थबकते, आणि तिथे लेखकाने केवळ तीन शब्दांचे वाक्य दिले आहे : ‘द पेनी ड्रॉप्ड.’ अभ्यासिकेला तर संध्याकाळपासून कुलूप होते. मग माळ्याने आतले घड्याळ पाहिले कसे, हे तिला त्या पायरीवर कळलेले असते.

पहिल्या खर्ड्यात मी ‘तिच्या हातातले नाणे खाली पडले’ असे लिहिले होते आणि पुढच्या परिच्छेदात ते नाणे कोणी उचलले हे शोधत राहिले. मागची चार पाने पुन्हा वाचली. तिच्या हातात हातमोजे होते, नाणे कुठेही नव्हते. तेव्हा हा वाक्प्रचार असल्याचे ध्यानात आले आणि शब्दकोशात ‘एकदम लक्षात येणे’ असा अर्थ मिळाला. मात्र तेवढ्यावर माझे समाधान झालेले नाही.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हा अर्थ ‘युरेका’ या उद्गाराच्या किती जवळचा आहे? पेनी पडण्याचा आणि कळण्याचा संबंध मुळात आला कुठून? याविषयी मी दोन परस्परविरोधी स्पष्टीकरणे ऐकली आहेत. एक सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या दाराशी संबंधित आहे, तर दुसरे टेलिफोनशी. आणि शेवटी, मराठीत काय लिहावे? ‘डोक्यात प्रकाश पडला’, ‘ट्यूब पेटली’ आणि ‘साक्षात्कार झाला’ हे तीन पर्याय माझ्यासमोर आहेत आणि तिन्हींविषयी मनात शंका आहे.

तळटीप

आपण दिलेला प्रसंग या वाक्प्रचाराचा अर्थ सांगायला इतका नेमका आहे की, मी त्याच्याच आधारे लिहितो.

पुतणीने माळ्याचे वाक्य ऐकले, तेव्हाच तिला हवी असलेली सगळी माहिती मिळालेली होती. जिन्यावर तिला काहीही नवे कळलेले नाही. कोणी येऊन काही सांगितले नाही, नवा पुरावा सापडला नाही. जे आधीच कानावर पडले होते त्याचा अर्थ तिच्यापर्यंत उशिरा पोहोचला, इतकेच घडले. ‘द पेनी ड्रॉप्ड’ या शब्दांचा गाभा हा उशीर आहे. ‘एकदम लक्षात येणे’ हा कोशातला अर्थ चुकीचा नाही, पण अर्धा आहे. लक्षात येणे एकदम घडते, पण त्याआधी काही काळ ते घडायचे राहून गेलेले असते, आणि तो राहून गेलेला काळ या वाक्प्रचारात मोजलेला असतो.

यासाठीच तो ‘युरेका’पासून दूर आहे. सिराक्यूजच्या हिएरो राजाचा मुकुट निखळ सोन्याचा आहे की त्यात चांदीची भेसळ आहे, हे आर्किमिडीजला ठरवायचे होते. स्नानाच्या वेळी पाणी बाहेर सांडताना पाहून त्याला उपाय सुचला आणि तो ‘सापडले’ असे ओरडत धावला, ही कथा रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याने लिहून ठेवली आहे. तिथे जे सापडले ते त्या क्षणापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. पेनी पडते तेव्हा मात्र जे कळते ते बहुधा दुसऱ्या कोणाला आधीपासून ठाऊक असते : बोलणाऱ्याला, शेजारी बसलेल्याला, कित्येकदा वाचकालासुद्धा. युरेकामध्ये शोध असतो आणि पेनीमध्ये उमगणे असते. आपल्या कथेतल्या चाणाक्ष वाचकाला कुलपाची गोष्ट पुतणीच्या आधी आठवली असेल, तर लेखकाने हाच वाक्प्रचार का निवडला हे आणखी स्पष्ट होते.

इंग्रजीत अचानक कळण्यासाठी आणखीही प्रयोग आहेत आणि त्यांच्या छटा एकमेकींत मिसळू देऊ नयेत असे मला वाटते. ‘डोळ्यांवरून खवले गळून पडणे’ हा प्रयोग बायबलमधून आला आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात, दमास्कस येथे तीन दिवस दृष्टी गमावून बसलेल्या शौलाच्या डोळ्यांवरून खवल्यांसारखे काहीतरी पडले आणि त्याला पुन्हा दिसू लागले, असे वर्णन आहे. त्यामुळे त्या प्रयोगाला भ्रमनिरासाचा, माणूस आतून बदलण्याचा रंग आहे. आपले ‘डोळे उघडणे’ त्याच्या बरेच जवळ जाते. ‘इट डॉन्ड ऑन मी’ यात पहाट आहे, म्हणजे काळोख हळूहळू निवळत जातो. पेनीच्या बाबतीत असे निवळणे नसते. ती अडकलेली असते किंवा पडलेली असते, मधली अवस्था नाही.

एक व्याकरणाची गोष्टही सांगावीशी वाटते, कारण ती अनुवादकाच्या उपयोगाची आहे. ‘मी समजलो’ असे म्हणताना इंग्रजी वाक्यात कर्ता माणूस असतो. ‘द पेनी ड्रॉप्ड’ म्हणताना तो वाक्यातून नाहीसा होतो. कोणाची पेनी, कोणी टाकली, हे सांगितले जात नाही. फार तर ‘फॉर हर’ असे जोडून ‘तिच्यासाठी’ पडली एवढे सूचित होते. समजणे ही इथे करण्याची क्रिया राहत नाही, ती घडण्याची होते. मराठीला ही रचना मुळीच परकी नाही. आपण ‘मला कळले’, ‘तिला उमगले’, ‘त्याच्या लक्षात आले’ असेच म्हणतो, ज्याला कळते त्याला कर्त्याच्या जागी बसवत नाही. इंग्रजीला जे साधण्यासाठी एक नाणे खर्चावे लागले, ते मराठीच्या रोजच्या वाक्यात आधीपासूनच आहे.

वापराविषयी थोडेसे. हा वाक्प्रचार मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीतला आहे. ‘आय वॉज वेटिंग फॉर द पेनी टु ड्रॉप’ म्हणजे समोरच्याला केव्हा कळते याची मी वाट पाहत होतो. ‘हॅज द पेनी ड्रॉप्ड येट?’ असा प्रश्न जरा अधीरतेने विचारला जातो. प्रौढ लेखनात तो चालतो, पण त्याचा मूळ सूर बोलण्यातला आहे.

जुनी चावी

जुन्या यंत्रांचा अभ्यास हा माझा अनेक वर्षांचा छंद असल्यामुळे उगमाविषयी मी लिहितो. थोडे सविस्तर लिहीन, कारण हे यंत्र डोळ्यांसमोर आले की वाक्प्रचाराचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

नाणे टाकून चालणाऱ्या यंत्राची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉन याने अशा एका पात्राचे वर्णन केले आहे. पात्राच्या वरच्या फटीतून पाच द्राख्मांचे नाणे टाकले की ते आत एका तरफेच्या टोकाला बसवलेल्या तबकडीवर पडे. नाण्याच्या भाराने ते टोक खाली जाई, दुसरे टोक वर उचलले जाऊन झडप उघडे आणि पवित्र जल बाहेर येई. तबकडी कलत जाऊन नाणे घसरून पडले की तरफ पूर्ववत होई आणि पाणी थांबे. नाणे पडणे आणि काहीतरी उघडणे यांचा हा सांधा जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे, हे मला अजूनही थक्क करते.

वाक्प्रचाराचा जन्म मात्र त्या पात्रातून झालेला नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये पसरलेल्या ‘पेनी इन द स्लॉट’ यंत्रांतून आला आहे. १८८० च्या दशकात पर्सिव्हल एव्हरिट याने पोस्टकार्ड देणारे यंत्र लंडनमध्ये आणले, आणि त्यानंतर रेल्वे स्थानके, समुद्रकिनाऱ्यावरची करमणुकीची ठिकाणे, उपाहारगृहे अशा सर्वत्र ही यंत्रे दिसू लागली. चॉकलेट देणारी, वजन सांगणारी, चित्रांची गड्डी भराभर उलगडून हलते दृश्य दाखवणारी, अशी त्यांची कितीतरी रूपे होती. गरीब वस्त्यांतील घरांत गॅसचे मीटरसुद्धा पेनीवर चालत. नाणे टाकून दांडा फिरवावा, म्हणजे ठरावीक प्रमाणात गॅस मिळे, आणि तो संपत आला की ज्योत मंदावू लागे.

आता ते नाणे कसे होते ते पाहू. १८६० पासून चलनात असलेली ब्राँझची पेनी सुमारे ३०.८ मिलिमीटर व्यासाची आणि ९.४ ग्रॅम वजनाची होती. एका पौंडाला २४० पेन्या मिळत, तरीही हे नाणे आकाराने भरभक्कम होते. ते फटीत सरकवले की आतल्या अरुंद उतरत्या वाटेने गडगडत जाई आणि शेवटी तरफेवर किंवा पेटीत ठणकन पडे. उलट बाजू अशी की, नाणे जरा वाकलेले असेल, वाटेत मळ साचला असेल किंवा यंत्र जुने झाले असेल, तर ते मध्येच अडकून राही. टाकणारा बाहेर उभा आहे, त्याने द्यायचे ते दिले आहे, यंत्राला मिळायचे ते मिळाले आहे, आणि तरी काहीच होत नाही. मग तो यंत्रावर हाताने थाप मारतो. काही क्षण जातात. आतून खळ्ळकन आवाज येतो आणि खण उघडतो.

हा आवाज येण्याआधीची जी शांतता आहे, तीच आपल्या पुतणीच्या दोन पानांमध्ये आहे. माळ्याने नाणे टाकले होते. ते वाटेत अडकले होते. जिन्याच्या मधल्या पायरीवर ते खाली पडले.

‘ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोश’ हा उगम नाण्याच्या यंत्रांशीच जोडतो, आणि समजण्याच्या अर्थाने झालेल्या वापराचा त्यातील बहुधा उद्धृत होणारा जुना दाखला ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या ऑगस्ट १९३९ मधील अंकातला आहे. त्यात पेनी पडली आणि मला त्याचे म्हणणे कळले, अशा आशयाचे वाक्य येते. यंत्रे पसरली १८८० च्या दशकात आणि छापील दाखला १९३९ चा, हे अंतर पाहून कोणी गोंधळू नये. बोलण्यातले शब्द छापील पानापर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि लाक्षणिक अर्थ रुळायला यंत्र आधी सर्वांच्या हाताखालचे व्हावे लागते.

आता आपण ऐकलेल्या दोन स्पष्टीकरणांविषयी. सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दाराला पेनीचे कुलूप असे, हे खरे आहे. त्यावरून ‘स्पेंड अ पेनी’ हा वेगळाच वाक्प्रचार आला आणि त्याचा अर्थ लघुशंकेला जाणे असा आहे. दोन्हींत पेनी असल्यामुळे त्यांची सरमिसळ होते, ती टाळावी. टेलिफोनचे स्पष्टीकरण अधिक मोहक आहे. १९२५ पासून ब्रिटनमधील सार्वजनिक टेलिफोनला ‘ए’ आणि ‘बी’ अशी दोन बटणे असत. आधी नाणी टाकायची, क्रमांक लावायचा, पलीकडून आवाज आला की ‘ए’ दाबायचे. त्याबरोबर नाणी खालच्या पेटीत पडत आणि तेव्हाच आपला आवाज पलीकडे जाऊ लागे. उत्तर आले नाही तर ‘बी’ दाबून नाणी परत घेता येत. नाणे पडले की संवाद सुरू होतो, ही प्रतिमा फारच सुंदर आहे आणि वाक्प्रचार रुळायला तिने हातभार लावला असेल, असे मला वाटते. तरीही त्याची गाठ कोणत्याही एकाच यंत्राशी बांधू नये. त्या पिढीच्या हाताला पेनी टाकून वाट पाहण्याची सवय दिवसभरात अनेक ठिकाणी होती आणि वाक्प्रचार त्या सवयीतून आला.

अक्षरवेल

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘माळ्याने नाणे टाकले होते, ते वाटेत अडकले होते’ हे वाचून मी तो प्रसंग पुन्हा काढला आणि पहिल्यांदाच मला त्यातली दोन निरर्थक वाटणारी पाने निरर्थक वाटली नाहीत. माझा विचार ती पाने थोडी आवरती घेण्याचा होता. तो मी सोडून दिला आहे, कारण तो उशीर वाचकालाही जाणवायला हवा.

एक उपप्रश्न. ती मोठी पेनी ब्रिटनमध्ये आता नाही, यंत्रेही राहिली नाहीत. मग आजचा इंग्रजी वाचक हे शब्द वाचतो तेव्हा त्याला नाणे दिसते का? आणि अमेरिकन वाचकाला?

सीमापार

आपल्या उपप्रश्नाचे उत्तर इतर भाषांकडे पाहिल्यास चांगले मिळते, म्हणून मी मध्ये बोलतो.

ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान चलन स्वीकारले आणि जुनी पेनी त्याच वर्षी व्यवहारातून गेली. नवी पेनी त्या मानाने अगदी लहान, सुमारे २० मिलिमीटरची आहे. वाक्प्रचाराला त्याचे काहीही झाले नाही. असे केवळ इंग्रजीतच घडलेले नाही. जर्मन भाषेत नेमके हेच सांगायला ‘डेअर ग्रोशन इस्ट गेफालन’, म्हणजे ग्रोशन पडला, असे म्हणतात. ग्रोशन हे दहा फेनिगच्या नाण्याचे बोलीतले नाव होते. डच लोक ‘क्वार्त्ये’ पडले असे म्हणतात, म्हणजे पंचवीस सेंटचे नाणे. २००२ मध्ये युरोची नाणी आली आणि ही दोन्ही नाणी खिशातून गेली, पण संभाषणात ती अजून पडतच आहेत. डेन्मार्कमध्ये दहा ओरचे नाणे पडते. स्वीडनमध्ये तर नाणेही नाही, ‘पोलेत’ म्हणजे यंत्राचा बिल्ला घरंगळून पडतो.

मला सर्वांत मोलाची वाटतात ती लॅटिन अमेरिकेतील उदाहरणे. मेक्सिकोत ‘मे कायो एल बेइंते’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘माझे वीस पडले’, आणि हे वीस म्हणजे सार्वजनिक टेलिफोनमध्ये टाकायचे वीस सेंतावोंचे नाणे. ब्राझीलमध्ये ‘काइउ आ फिशा’, म्हणजे टेलिफोनचा बिल्ला पडला. ‘जुनी चावी’ यांनी ब्रिटनच्या बाबतीत टेलिफोनला हातभार लावणाऱ्याची जागा दिली आहे, आणि तिथे ते योग्यच आहे. पण या दोन देशांत टेलिफोन हाच उगम आहे. इतक्या ठिकाणच्या लोकांनी समजण्याच्या क्षणासाठी नाणे पडण्याचीच प्रतिमा निवडली, यामागे मला एकच कारण दिसते. आत काय चालले आहे ते दिसत नाही आणि बाहेर वाट पाहावी लागते, असा अनुभव त्या काळी सामान्य माणसाला प्रथम या यंत्रांनीच दिला. दुसऱ्याच्या डोक्यात काय चालले आहे हेही आपल्याला असेच बाहेर उभे राहून ताडावे लागते.

फ्रेंच भाषेने वेगळे यंत्र निवडले. तिथे ‘सा फे तिल्त’ म्हणतात आणि ‘तिल्त’ हा शब्द पिनबॉलच्या खेळातून आला आहे. ते यंत्र फार हलवले की त्यावर हा शब्द उजळतो आणि खेळ थांबतो. खेळात तो शब्द अपयशाचा आहे, भाषेत मात्र तो कळण्याचा झाला.

तेव्हा आजच्या ब्रिटिश वाचकाला नाणे दिसते का, याचे माझे उत्तर असे की, ते दिसण्याची गरज उरलेली नाही, पण त्याचा आवाज अजून ऐकू येतो. ‘ड्रॉप्ड’ या शब्दाच्या शेवटच्या आघातात तो आहे.

अमेरिकन वाचकाला हा वाक्प्रचार बहुधा कळतो, पण तो त्याच्या तोंडचा नाही. इथे अनुवादकांसाठी दोन खड्डे आहेत, ते दाखवून ठेवतो. अमेरिकन इंग्रजीत ‘ड्रॉप अ डाइम’ असा प्रयोग आहे आणि त्यातही टेलिफोनमध्ये टाकायचे नाणे आहे, पण त्याचा अर्थ पोलिसांना कोणाची तरी खबर देणे, चुगली करणे असा होतो. रहस्यकथेत हे दोन प्रयोग उलटसुलट झाले तर कथानकच बदलेल. दुसरा प्रयोग म्हणजे ‘दुसरा बूट पडण्याची वाट पाहणे’. वरच्या मजल्यावरील माणसाने एक बूट काढून टाकला, आता दुसराही पडणार, या प्रतिमेतून तो येतो, आणि अर्थ आहे होणारच असलेल्या गोष्टीची, बहुधा वाईट गोष्टीची, वाट पाहणे. तिथेही काहीतरी पडायचे राहिलेले असते, म्हणून गफलत होते, परंतु समजण्याशी त्याचा संबंध नाही.

तळटीप

आता राहिला मराठीचा प्रश्न. ‘साक्षात्कार झाला’ हा पर्याय मी तरी लगेच बाजूला ठेवीन. तो शब्द आध्यात्मिक अनुभूतीसाठी आहे, आणि व्यवहारात वापरला तर त्यात बहुधा टोमणा येतो. आपल्या लेखकाच्या वाक्यात टोमणा नाही.

‘ट्यूब पेटली’ हा पर्याय मात्र विचार करण्याजोगा आहे, कारण त्यात उशीर आहे. बटण दाबल्याबरोबर जुनी ट्यूब लागत नसे. आधी स्टार्टरमधली छोटी वायूची नळी उजळे, तिच्या उष्णतेने आतली दुहेरी धातूची पट्टी वाकून टेकत असे, ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा तापत, पट्टी थंड होऊन सुटली की चोकमधून विजेचा जोरदार धक्का बसे आणि तेव्हा ट्यूब पेटे. पहिल्या धक्क्यात पेटली नाही तर सगळे पुन्हा. टोकांना लाली यायची, दोन-तीनदा फडफड व्हायची आणि मग खोली उजळायची. उशिरा समजणाऱ्या माणसाला ‘ट्यूबलाइट’ म्हणण्याची पद्धत त्यातूनच आली. पेनीच्या अडकण्याला इतके तंतोतंत उत्तर आपल्या भाषेत आहे, याचा मला आनंद वाटतो. विशेष म्हणजे आता दिवे बटणासरशी लागतात, तरी आपणही ‘ट्यूब पेटली’ म्हणणे सोडलेले नाही.

असे असूनही आपल्या कथेत मी तो वापरणार नाही. एक कारण सुराचे आहे. तो मित्रांच्या गप्पांमधला प्रयोग आहे आणि निवेदकाच्या तोंडी तो शोभणार नाही. दुसरे कारण काळाचे आहे. असे दिवे बाजारात विक्रीला आले ते १९३८ च्या सुमारास. दोन महायुद्धांच्या मधल्या घरातील जिन्यावर ट्यूब पेटवली तर सजग वाचक अडखळेल.

जुनी चावी

ट्यूबविषयी मी ‘तळटीप’ यांच्याशी सहमत आहे, पण ‘डोक्यात प्रकाश पडला’ हा पर्याय त्यांनी न तपासताच सोडला, असे वाटते. तो काळाच्या दृष्टीने निर्दोष आहे आणि निवेदनात शोभतोही. माझा आक्षेप निराळा आहे. प्रकाशाला आवाज नसतो. मूळ वाक्यात एक जड वस्तू शेवटी जागेवर बसल्याचा ठोका आहे, तीन शब्दांत संपणारा. ‘तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला’ म्हटले की उजेड होतो, पण काहीही अडकलेले सुटल्याचे जाणवत नाही.

तळटीप

आक्षेप रास्त आहे. सोडला नव्हता, मागे ठेवला होता, कारण मला त्यातल्या ‘पडणे’ या क्रियापदाविषयी बोलायचे होते.

मराठीत मनाच्या कितीतरी गोष्टी पडतात. प्रश्न पडतो, कोडे पडते, पेच पडतो, विसर पडतो, स्वप्न पडते. आणि जुन्या वळणाच्या मराठीत ‘उमज’ही पडते. ‘काय करावे याची उमज पडेना’ हे वाक्य आपण सर्वांनी वाचलेले असेल. उमज म्हणजे समज, आणि ती पडते. आपण मुद्दाम शोधायला गेलो असतो तरी पेनी पडण्याला याहून जवळचा शब्दप्रयोग मिळाला नसता. त्यात नाणे नाही, पण पडणे आहे. ‘तिला’ हे रूप आपोआप येते, म्हणजे मूळ वाक्यातल्याप्रमाणे समजणे हे तिने केलेले राहत नाही, तिच्या बाबतीत घडलेले होते.

उशीर कसा आणावा, एवढेच उरते. त्यासाठी मराठीजवळ एक अगदी छोटा शब्द आहे, तो म्हणजे ‘कुठे’. ‘तेव्हा तिला कळले’ आणि ‘तेव्हा कुठे तिला कळले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात केवळ वेळ आहे. दुसऱ्यात त्या वेळेपर्यंत कळायचे राहिले होते, बराच अवकाश गेला होता, हे सगळे आले. हा ‘कुठे’ स्थळ विचारत नाही, तो वाट पाहिल्याची नोंद करतो. यासाठी इंग्रजीला ‘फायनली’ किंवा ‘ओन्ली देन’ असे काहीतरी जोडावे लागते.

अक्षरवेल

आपण सर्वांनी दिलेला वेळ आणि विचार यांसाठी कृतज्ञ आहे. रात्री बसून मी तो परिच्छेद पुन्हा लिहिला. ‘उमज पडणे’ हा प्रयोग माझी आजी करत असे आणि मी तो अनेक वर्षांत लिहिला नव्हता. तो इथे येईल असे माझ्या मनातही नव्हते.

वाक्य छोटे ठेवायचे होते, म्हणून ‘कळून चुकले’, ‘उलगडा झाला’ असे सगळे पर्याय लिहून पाहिले आणि खोडले. ‘उलगडा’ मला चांगला वाटत होता, पण त्यात गाठ हळूहळू सुटते आणि इथे तसे होत नाही. मोठ्याने वाचून पाहिल्यावर ‘पडली’ या शब्दावर वाक्य जिथे थांबते, तिथे तो ठोका ऐकू येतो असे मला जाणवले. ‘जुनी चावी’ यांचा आक्षेप त्यामुळे बहुतांशी दूर होईल, अशी आशा आहे. परिच्छेद आता असा झाला आहे :

‘डाव्या हाताचा मोजा बोटांवर नीट बसवत ती जिना उतरू लागली. मधल्या पायरीवर तिचे पाऊल थांबले. अभ्यासिकेला कुलूप होते. संध्याकाळपासून होते. तेव्हा कुठे तिला उमज पडली.’

जुनी चावी

आक्षेप मागे घेतो. एकच सूचना करतो. कुलपाची दोन वाक्ये उमज पडल्यानंतर घेऊन पाहावीत. मूळ प्रसंगात, आपण सांगितल्याप्रमाणे, आधी ती थबकते, मग पेनी पडते आणि कारण वाचकाला त्यानंतर मिळते. नाणे पडल्यावर खण उघडतो, आधी नाही.

अक्षरवेल

बरोबर आहे. क्रम बदलला. ‘मधल्या पायरीवर तिचे पाऊल थांबले. तेव्हा कुठे तिला उमज पडली. अभ्यासिकेला कुलूप होते, संध्याकाळपासून होते.’ हाच मजकूर आता अंतिम प्रतीत जाईल.